पेशवाईतला बुद्धिबळाचा शास्त्री

हिंजवडीच्या आयटी पार्कात जेवणाच्या सुट्टीत आमची पोरे मोबाईलवर बुद्धिबळ खेळतात. त्रिवेंगडाचार्य शास्त्री हे नाव त्यांच्या कानावर गेलेले नसते. बुद्धिबळाच्या इतिहासकारांत मात्र ते मोठे आहे.

शास्त्री दक्षिणेकडचे. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने त्यांनी 'विलासमणिमंजरी' हा ग्रंथ संस्कृतात रचला. पटावरचे अवघड प्रसंग मांडायचे आणि ते कसे सोडवायचे हे शिकवायचे, अशी त्याची रीत. आपल्या जुन्या खेळात प्यादेमातीला मोठा मान. हत्ती-घोड्याने कोणीही मारील, साध्या प्याद्याने राजा कोंडावा यात खरी करामत! १८१४ साली या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर, युरोपीय पद्धतीशी जुळवून, मुंबईत छापले गेले.

शास्त्रीबुवांची विद्वत्ता आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पण त्यांच्यापुढे शिकायला कोण बसू शकत होते? त्याच पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्यांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली जगापुढे मांडले. संस्कृत तर आमच्या कानालाही वर्ज्य. म्हणजे पुण्याच्या दरबारातली विद्या मुंबईच्या साहेबाने वाचली, पण पुण्याच्या महारवाड्याला तिचा वाराही लागला नाही. दोष एकट्या शास्त्रीबुवांचा नाही, पट मांडणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

१ जानेवारी १८१८ रोजी महार सैनिक भीमा कोरेगावला लढले. त्याच वर्षी पेशवाई बुडाली, बाजीराव बिठूरला गेला. तीस वर्षांनी, १८४८ मध्ये, जोतिराव-सावित्रीमाईंनी पुण्यातच भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली.