आगरकर रस्त्यावरचे आघारकर : मालवणचा हा माणूस जर्मनीत कैदेत पडला, पीएचडी करून परतला आणि पुण्यात संशोधन संस्था उभी केली

पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रस्ता आहे. आणि गंमत म्हणजे त्याच रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. पहिल्यांदा पत्ता शोधत येणाऱ्या माणसाला वाटतं, कुणीतरी पाटी चुकीची रंगवलीय. संस्थेला आगरकरांचंच नाव दिलं असणार, मधे एक ‘घ’ उगाच घुसलाय.

पण पाटी बरोबर आहे. ही दोन वेगळी माणसं आहेत.

आगरकर म्हणजे ‘सुधारक’वाले, टिळकांचे मित्र आणि विरोधक, फर्ग्युसनचे प्राचार्य. ते १८९५ साली गेले, तेव्हा दुसरे आघारकर अवघ्या दहा वर्षांचे होते. पहिल्यांना आपण शाळेच्या पुस्तकात भेटतो. दुसऱ्यांच्या वाट्याला एवढी ओळख आली नाही. पण तुमच्या गावात कुणी ‘एमएसीएस’ नावाचा गहू किंवा सोयाबीन पेरत असेल, तर या दुसऱ्या माणसाचं काम तुमच्या शिवारापर्यंत पोचलेलं आहे.

त्यांचं पूर्ण नाव शंकर पुरुषोत्तम आघारकर. जन्म १८ नोव्हेंबर १८८४, मालवण.

नदीत सापडलेला पाहुणा

आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि पुढे तिथेच जीवशास्त्र शिकवू लागले. तो काळ असा होता की जीवशास्त्राचा मास्तर झाडंही शिकवायचा आणि प्राणीही. आघारकरांना वर्गापेक्षा डोंगर जास्त आवडायचा. सुट्टी मिळाली की सह्याद्रीत भटकायचं, दिसेल ते गोळा करायचं, बघायचं, नोंदवायचं.

अशाच भटकंतीत सातारा भागातल्या नद्यांमध्ये त्यांना एक भलताच जीव सापडला. जेलीफिश.

जेलीफिश आपण समुद्रावर बघतो. इथे ती गोड्या पाण्यात होती, आणि तीही समुद्रापासून दूर, घाटावरच्या नदीत. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनंडेल यांनी तिचा अभ्यास केला आणि तिला ‘लिम्नोक्निडा इंडिका’ असं नाव दिलं. जगभरच्या अभ्यासकांचे कान टवकारले गेले. कारण या गटातली जेलीफिश तोवर फक्त आफ्रिकेत माहीत होती.

आता विचार करा. मधे अख्खा अरबी समुद्र. खारं पाणी या जिवाला चालत नाही. मग एक भाऊ आफ्रिकेतल्या तळ्यात आणि दुसरा साताऱ्याच्या नदीत, हे झालं कसं?

खंड सरकतात ही कल्पना आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली नुकती मांडली होती आणि बहुतेक शास्त्रज्ञ तिच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. त्यामुळे हा प्रश्न तेव्हा फारच अवघड होता. आघारकरांनी पुढे प्राणी सोडून वनस्पतींचा अभ्यास धरला, पण प्रश्न मात्र हाच राहिला. हा सजीव इथे आला कुठून, आणि आला कसा?

हा प्रश्न समजायला नवी मुंबईच्या खाडीवर चला

ऐरोलीपासून नेरुळपर्यंत खाडीकाठी तिवरांचं जंगल आहे. लोकलमधून येताजाता आपण ते बघतो आणि विसरतो. या तिवराचं बी झाडावर असतानाच आतल्या आत रुजायला लागतं. मग ते भरतीच्या पाण्यात पडतं, तरंगत तरंगत जातं आणि चिखल मिळाला की तिथे मूळ धरतं. म्हणजे या झाडाची गाडी म्हणजे भरतीचं पाणी.

याच खाडीच्या कडेला पिलू नावाचं झाड सापडतं. हेच ते मिसवाकचं झाड, ज्याच्या काडीनं दात घासतात. हेच झाड राजस्थानच्या वाळवंटात आहे, अरबस्तानात आहे आणि आफ्रिकेतही आहे. याची फळं पक्षी खातात आणि बी दुसरीकडे नेऊन टाकतात. म्हणजे याची गाडी म्हणजे पक्षी.

रुईच्या बोंडातून म्हाताऱ्या उडतात, ती वाऱ्याची गाडी. गोखरूचा काटा जनावराच्या खुरात रुततो, ती फुकटची गाडी.

यात एवढं काय विशेष, असं वाटेल. पण उत्क्रांतीचा पाया इथेच आहे. एखादं बी लांब जाऊन पडलं, तिथलं हवापाणी वेगळं निघालं आणि मूळच्या झाडांशी संबंध तुटला, की हजारो-लाखो वर्षांत तिथे नवी जात तयार होऊ शकते. म्हणूनच खुद्द डार्विननं घरी बाटल्यांत खारं पाणी भरून त्यात बिया बुडवून ठेवल्या होत्या. ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकारच्या बिया २८ दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही उगवल्या. समुद्र ओलांडून झाडं जाऊ शकतात, हे त्याला दाखवायचं होतं.

आघारकरांना हेच कोडं आपल्या देशातल्या झाडांबद्दल सोडवायचं होतं. त्यासाठी लागणारी संधी मात्र मुंबईत नाही, कलकत्त्यात मिळाली.

कलकत्त्याची खुर्ची

तेव्हा कलकत्ता विद्यापीठात सर आशुतोष मुखर्जी यांचा जमाना होता. तोपर्यंत आपली विद्यापीठं मुख्यतः परीक्षा घ्यायची आणि पदव्या वाटायची. संशोधन हे साहेबाचं काम. आशुतोषबाबूंना हे मोडून काढायचं होतं. त्यांनी तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन बड्या वकिलांना गळ घातली. घोषबाबूंनी १९१३ साली दहा लाख रुपये दिले. त्या काळातले दहा लाख. अट अशी की या पैशातून नेमलेले प्राध्यापक भारतीयच असले पाहिजेत.

या देणग्यांतून विज्ञान महाविद्यालय उभं राहिलं. रसायनशास्त्राला प्रफुल्लचंद्र रे आले. भौतिकशास्त्राला सी. व्ही. रामन आले. आणि वनस्पतिशास्त्राची घोष प्राध्यापकाची खुर्ची मिळाली मालवणच्या शंकर आघारकरांना. वय होतं तिशीच्या आसपास.

या प्राध्यापकांपैकी काहींना आधी परदेशी जाऊन शिकून यायचं होतं. आघारकरांनी बर्लिन निवडलं, कारण तिथे अॅडॉल्फ एंगलर होते. जगातल्या कुठल्या भागात कुठली झाडं आहेत आणि का आहेत, या विषयातला त्या काळातला सगळ्यात मोठा माणूस. बर्लिनची प्रसिद्ध वनस्पती बाग त्यांच्याच हाताखाली होती.

आघारकर १९१४ साली जर्मनीत पोचले. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटलं.

कैदेतला विद्यार्थी

आघारकर भारतीय होते, पण कागदावर ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन. ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांवर तोफा डागत होते. जर्मनीनं आपल्याकडच्या ब्रिटिश प्रजाजनांना पकडून छावण्यांत टाकायला सुरुवात केली. त्यात आघारकरही सापडले.

ज्या साम्राज्यानं त्यांच्या देशाला गुलाम केलं होतं, त्याच साम्राज्याचा माणूस म्हणून त्यांना शत्रूच्या कैदेत बसावं लागलं.

बरोबरचे देबेंद्रमोहन बोस, म्हणजे जगदीशचंद्र बोसांचे भाचे, भौतिकशास्त्राचे घोष प्राध्यापक. तेही शिकायला म्हणून जर्मनीत आले होते आणि युद्ध संपेपर्यंत तिथेच अडकून पडले.

आघारकरांची पुढे अटींवर सुटका झाली. मायदेशी परतायची सोय नव्हती. चारी बाजूंनी युद्ध, खाण्यापिण्याची टंचाई, घरून खबर येण्याची मारामार. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. आघारकर एंगलर यांच्याकडे गेले आणि कामाला लागले.

त्यांनी विषय घेतला तो वायव्य हिंदुस्थानातल्या कोरड्या आणि खारट जमिनीतल्या वनस्पतींचा. या झाडांचा प्रसार कसा होतो आणि ती मूळची कुठली, हे शोधायचं. म्हणजे भारतातल्या रखरखीत मुलुखातल्या झाडांचा माग, तोही हजारो मैल लांब बसून, युद्धानं पोखरलेल्या शहरात. १९१९ साली त्यांना बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली आणि १९२० साली हा प्रबंध जर्मन भाषेत छापून आला.

पाच-सहा वर्षं परदेशात काढून आघारकर परतले, आणि रिकामी राहिलेली आपली खुर्ची त्यांनी सांभाळली.

सव्वीस वर्षं कलकत्त्यात

१९२० ते १९४६ हा सगळा काळ आघारकर कलकत्ता विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख होते. विभाग जवळपास नव्यानं बांधायचा होता. प्रयोगशाळा, वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, विद्यार्थी, सगळंच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. रामन यांना १९३० साली नोबेल मिळालं आणि सगळ्या देशाचे डोळे दिपले. वनस्पती गोळा करणाऱ्या माणसाच्या वाट्याला असं काही येत नाही. त्याचं काम म्हणजे डोंगर चढा, फांदी तोडा, कागदात दाबा, वाळवा, चिकटवा, नाव लिहा, तारीख लिहा, कपाटात ठेवा. पन्नास वर्षांनी दुसरा कुणी अभ्यासक ते कपाट उघडतो, तेव्हा त्याला कळतं की हे झाड पूर्वी इथे होतं आणि आता नाही. ही मेहनत दिसायला साधी असते, पण तिच्याशिवाय पुढचं कुठलंच शास्त्र उभं राहत नाही.

आघारकरांनी आणखी एक काम केलं, ते म्हणजे संस्था चालवायचं. १९३५ साली भारतीय शास्त्रज्ञांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, जी आज इन्सा म्हणून ओळखली जाते. तिच्या संस्थापक सदस्यांत आघारकर होते.

निवृत्तीनंतर खरी सुरुवात

१९४६ साली आघारकर निवृत्त झाले. वय साधारण ६२. आयुष्यभराची प्रतिष्ठा गाठीशी होती. आरामात बसून आठवणी सांगायचं वय.

ते पुण्याला आले आणि कामाला लागले.

तेव्हाचं पुणं लक्षात घ्या. पुण्याला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, ते १९४९ साली आलं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० ची. कॉलेजं होती, हुशार प्राध्यापक होते, इतिहास आणि संस्कृतच्या नावाजलेल्या संस्था होत्या. पण विज्ञानात ज्याला संशोधन करायचं आहे त्यानं जायचं कुठे, याला धड उत्तर नव्हतं.

कलकत्त्याला त्याचं उत्तर फार आधी मिळालं होतं. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकांकडून पैसे गोळा करून विज्ञानाच्या संशोधनासाठी एक संस्था काढली होती. रामन यांनी आपलं नोबेलचं काम केलं ते याच संस्थेत. आघारकरांनी ही संस्था वर्षानुवर्षं जवळून पाहिली होती. सरकार देईल तेव्हा देईल, लोकांनीच सुरुवात करायची असते, हा तिथला धडा.

तोच धडा घेऊन पुण्यात १९४६ साली ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था सुरू झाली. मराठी नाव महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी. आघारकर तिचे संस्थापक संचालक झाले.

नाव मोठं होतं, पण पैसा जवळपास नव्हता. मागे कुठला राजा नाही की कारखानदार नाही. ज्यांना घोषबाबूंच्या दहा लाखांवर नेमलं गेलं होतं, त्यांच्यावर आता स्वतः दारोदार जाऊन मदत मागायची वेळ आली. त्यांनी ती मागितली. स्वतः मानद म्हणून राबले, आणि स्वतःजवळचं जे होतं तेही शेवटी संस्थेच्याच ओटीत टाकलं.

चौदा वर्षं हे चाललं. २ सप्टेंबर १९६० ला आघारकर गेले.

रुजलेलं बी

एका माणसाच्या जिवावर चाललेल्या संस्था बहुधा त्या माणसाबरोबरच संपतात. ही संपली नाही. ती वाढली, केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचं पाठबळ तिला मिळालं आणि १९९२ साली तिला आघारकर संशोधन संस्था असं नाव मिळालं. वाळवलेल्या वनस्पतींचा तिथला संग्रहही आघारकरांच्याच नावानं ओळखला जातो.

आणि एमएसीएस? महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, याचीच ती इंग्रजी आद्याक्षरं. संस्थेनं तयार केलेल्या वाणांच्या नावापुढे ती लागतात. गव्हाचे एमएसीएस ६२२२ आणि ६४७८, सोयाबीनचे एमएसीएस ११८८ आणि १४०७. द्राक्षाचा रसासाठी चांगला असलेला एआरआय ५१६ हा वाणही इथलाच. काही वर्षांपूर्वी एमएसीएस ६४७८ या गव्हानं एका गावाचं उत्पादन दुप्पट केल्याची बातमी देशभर गाजली. ते गाव होतं करंजखोप.

करंजखोप सातारा जिल्ह्यात आहे. ज्या भागातल्या नदीत एका तरुण मास्तराला एक परदेशी वाटणारी जेलीफिश सापडली होती, तोच हा भाग.

आघारकरांनी बी कसं प्रवास करतं आणि परक्या मातीत कसं रुजतं, याचा अभ्यास केला. मालवणहून निघून मुंबई, कलकत्ता, बर्लिन असं फिरून आलेल्या या माणसानं पुण्यात जे लावलं, ते आज शेतकऱ्याच्या पिशवीत आहे. पिशवीवर त्यांचं नाव नाही, फक्त चार अक्षरं आहेत.

पुढच्या वेळी पुण्यात आगरकर रस्त्यावरून गेलात, तर ती पाटी नीट वाचा. मधला ‘घ’ चुकून पडलेला नाही.