संस्कृतचे प्राध्यापक आणि महाराष्ट्राचा संघ

स्मरणिकेसाठी प्रत्येकानं एका दिवंगत नामवंत व्यक्तीबद्दल लिहायचं असं आपल्या ग्रुपवर ठरलं, तेव्हा टिळक, गाडगेबाबा आणि विनोबा पहिल्या दहा मिनिटांतच वाटले गेले. मी प्रा. दि. ब. देवधरांचं नाव टाकलं. बऱ्याच वेळानं एकीनं विचारलं, ते देवधर करंडकवाले का? तेच.

आपल्या शाळेत संस्कृत घेणारी मुलं आणि मैदानावर पडीक असणारी मुलं असे दोन तट होते. मी कुठल्या तटात होतो हे तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे हा माणूस पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतचा प्राध्यापक होता, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांपुढे आपले संस्कृतचे सर पॅड बांधून उभे राहिले आणि मला हसू फुटलं. (सर, हे वाचत असाल तर माफ करा.)

दिनकर बळवंत देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा, पुण्याचा. पहिल्या महायुद्धाच्या आधी ते मोठ्या सामन्यांत खेळायला लागले आणि दुसरं महायुद्ध संपल्यानंतरही खेळत होते. १९२६ साली आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ हिंदुस्थानात आला. त्या दौऱ्यात आपल्या नागपूरच्या सी. के. नायडूंनी १५३ धावा काढल्या, हे आपण वऱ्हाडी लोक छाती फुगवून सांगतो. त्याच दौऱ्यात मुंबईला देवधरांनी १४८ काढल्या, हे मात्र आपण विसरतो. हिंदुस्थानला कसोटीचं दार उघडण्यात या दौऱ्याचा मोठा वाटा होता. दार उघडलं १९३२ मध्ये, लॉर्ड्सवर. देवधर तेव्हा चाळीस वर्षांचे होते आणि संघात त्यांचं नाव नव्हतं. पुढेही एका कसोटीत ते कधी दिसले नाहीत.

चाळिशीत अशी गाडी चुकलेला माणूस बहुधा खुर्चीत बसून नव्या पोरांना नावं ठेवतो. देवधरांचं खरं काम त्यानंतरचं आहे, आणि म्हणूनच मी त्यांच्यावर लिहायला घेतलं.

इथे एक खुलासा करायला हवा. क्रिकेटमध्ये महाराष्ट्र म्हणजे आपलं सबंध राज्य नव्हे. मुंबईचा संघ वेगळा आणि आपला विदर्भाचाही वेगळा. त्या काळी वाशीम अकोला जिल्ह्यात होतं आणि आपला संघ मध्यप्रांत-वऱ्हाडचा होता. पुण्याभोवतीचा जो संघ, तो महाराष्ट्र. रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला. पहिली दोन वर्षं मुंबईनं जिंकली, मग नवानगर, हैदराबाद आणि बंगाल यांनी एकेक. पाच वर्षांत महाराष्ट्राचं नाव त्यात नाही. संस्थानिकांच्या संघांमागे दरबारचा पैसा होता. खेळाडूला नोकरी मिळायची, राहायला घर मिळायचं. पुण्याकडे असलं काही नव्हतं.

१९३९ मध्ये कप्तानपद देवधरांकडे आलं तेव्हा त्यांचं वय होतं सत्तेचाळीस. त्यांच्या हाताखालची पोरं त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वयाची. त्यांत सांगलीचे विजय हजारे होते, रंगा सोहनी होते. पुढच्या हंगामात चंदू सरवटे आले, जे आधी आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडकडून खेळले होते. त्या वेळी सामना निकाली झाला नाही तर पहिल्या डावाच्या आघाडीवर फैसला व्हायचा. म्हणजे विकेट न फेकता दिवस दिवस खेळत राहणं हाच जिंकण्याचा रस्ता. आणि हा संघ थकत नसे. पुण्यात बडोद्याविरुद्ध आठ गडी बाद झाल्यावर हजारे आणि नगरवाला यांनी नवव्या गड्यासाठी २४५ धावा जोडल्या. हजारे ३१६ वर नाबाद राहिले. रणजी करंडकातलं ते पहिलं त्रिशतक. त्याच हंगामात, १९३९-४० मध्ये, पुण्यातच संयुक्त प्रांताला हरवून महाराष्ट्रानं करंडक उचलला.

पण मला सगळ्यांत आवडतो तो पुढच्या वर्षीचा मुंबईबरोबरचा सामना. महाराष्ट्राच्या ६७५, मुंबईच्या ६५०. सव्वातेराशे धावांच्या रामरगाड्यात पंचवीस धावांनी निकाल! ६७५ मधल्या २४६ एकट्या कप्तानाच्या, आणि कप्तान पन्नाशीला टेकलेला. मग मद्रासला जाऊन मद्रासला हरवलं आणि करंडक सलग दुसऱ्यांदा पुण्यात आला.

गोष्ट इथे थांबवली असती तर शोभून दिसली असती. पण मग हजारे गेले. कुठे? ज्या बडोद्याविरुद्ध त्रिशतक ठोकलं होतं, त्या बडोद्याला. सरवटे होळकरांच्या संघात गेले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कलावंत असो की खेळाडू, चूल पेटायला हवी. १९४२-४३ मध्ये बडोदा जिंकलं, १९४५-४६ मध्ये होळकर. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यावर हजारे, सरवटे, सोहनी तिघंही होते. ओव्हलवर शेवटच्या गड्यासाठी बॅनर्जींबरोबर २४९ धावा जोडणारे ते हेच सरवटे. १९५२ मध्ये भारतानं पहिली कसोटी जिंकली तेव्हा कप्तान हजारे होते.

आणि देवधर? पोरं गेल्यावरही ते पॅड बांधतच राहिले. १९४४ मध्ये नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात १०५ आणि १४१. वय बावन्न.

पुढे ते राष्ट्रीय निवड समितीवर होते, क्रिकेट मंडळाचे उपाध्यक्ष होते. १९६५ मध्ये पद्मश्री, १९९१ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्यांच्या नावाचा करंडक १९७३-७४ पासून सुरू झाला तेव्हा ते स्वतः तो बघायला होते, हे भाग्य किती जणांना मिळतं? घरातही खेळ होताच. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या मुलींनी १९४० च्या दशकात देशातलं बॅडमिंटन गाजवलं. माझ्या मते याची दखल घ्यावी तेवढी घेतली गेली नाही. २४ ऑगस्ट १९९३ ला पुण्यात ते गेले, एकशे एक वर्षांचे होऊन. त्याच वर्षी महाराष्ट्र रणजीच्या अंतिम सामन्यात पंजाबकडून हरला होता. पन्नास वर्षं उलटली तरी तिसरा करंडक आलेला नव्हता.

आता हे सगळं मला का सुचलं ते सांगतो. तीन वर्षं झाली, मी शाळेच्या मैदानावर सकाळी पोरांना घेऊन उभा राहतो. पहिल्या वर्षी आम्ही एकूण एक सामने हरलो. दुसऱ्या वर्षी दोन जिंकले. यंदा एक डावखुरा फिरकीवाला पोरगा तयार झाला आणि दिवाळीनंतर त्याच्या वडिलांनी त्याला नागपूरला ठेवलं. विदर्भानं २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा रणजी जिंकल्यापासून प्रत्येक बापाला नागपूर दिसतं, आणि त्यात वावगं काय? बस स्टँडवर मी त्याला सोडायला गेलो होतो. परत आलो तेव्हा सातवीतली दोघं स्टंप ठोकत बसली होती, वाकडे. स्नेहमेळाव्याला आलात की सकाळी सहाला मैदानावर चक्कर टाका, जुने पॅड असतील तर घेऊन या.