डार्विनच्या वहीतले बाळ

चार्ल्स डार्विन म्हटले की उत्क्रांती आठवते. तान्ह्या बाळांच्या मनाचा अभ्यास सुरू करणाऱ्यांतही त्यांचे नाव आहे, हे मात्र फारसे ठाऊक नसते.

इंग्लंडमधील श्रूजबरी येथे १२ फेब्रुवारी १८०९ रोजी एका डॉक्टरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांनी वैद्यक शिकायला एडिनबरोला पाठवले. पण भूल न देता होणाऱ्या शस्त्रक्रिया बघवेनात म्हणून त्यांनी ते शिक्षण सोडले. पुढे 'बीगल' जहाजावरून पाच वर्षे जगप्रवास केला. २७ डिसेंबर १८३९ रोजी पहिला मुलगा विल्यम जन्मला आणि डार्विन यांनी त्याच्या हालचाली वहीत टिपायला सुरुवात केली.

१३७व्या दिवशी ते बाळाकडे पाठ करून त्याच्या जवळ गेले आणि निश्चल उभे राहिले. बाळ गंभीर झाले, चकित झाले, रडण्याच्या बेतात आले. वडील वळताच ते हसले. नवल वाटण्यासाठी आधी काही अंदाज असावा लागतो. माणूस कसा जवळ येतो, याचा अंदाज त्या बाळाने बांधलेला असावा. पाच महिन्यांचा असताना विल्यमला टोपी-झगा चढवला की लगेच बाहेर न्यावे लागे, नाहीतर तो चिडे.

या नोंदी १८७७ मध्ये 'माइंड' या नियतकालिकात छापून आल्या. आज नजरेचा माग घेणारे कॅमेरे आहेत. २००६ मध्ये स्वीडनमधील संशोधकांना दिसले, की कोणी हाताने चेंडू बादलीत टाकत असेल, तर वर्षाचे बाळ हात पोहोचण्याआधीच बादलीकडे बघते. सहा महिन्यांचे बाळ तसे बघत नाही.

डार्विन यांच्या दहा मुलांपैकी तीन बालपणीच दगावली. सर्वांत धाकटा चार्ल्स वॉरिंग दीड वर्षाचा झाला तरी चालत-बोलत नव्हता. जून १८५८ मध्ये तो स्कार्लेट फीवरने गेला. तीनच दिवसांनी लंडनच्या लिनियन सोसायटीत नैसर्गिक निवडीचा सिद्धांत प्रथम वाचला गेला, तेव्हा डार्विन तेथे नव्हते. या मुलाविषयीही त्यांनी लिहून ठेवले. त्यात त्याचे मागे राहणे आहे, तसा त्याचा शांत, आनंदी स्वभावही आहे.

१९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन यांचे निधन झाले. बाळ कशाकडे बघते, कशाने दचकते, कोणाला पाहून हसते, हे टिपायला आजही एक वही पुरते. बाळाची प्रगती मागे वाटली, तर तीच वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावे.