पॉल एर्लिख : रंगापासून प्रतिपिंडापर्यंत

स्मरणिकेत आपल्या उद्धारकर्त्यांची चरित्रे यावीत, हा रिवाज योग्यच आहे. या वेळी आम्ही मात्र एका जर्मन वैद्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. आपल्या वसतिगृहांतून शिकून गेलेली मुले-मुली आज रक्ततपासणीच्या प्रयोगशाळांत, औषधनिर्मितीच्या कारखान्यांत आणि विद्यापीठांच्या संशोधन विभागांत काम करतात. प्रतिपिंड हा शब्द त्यांच्या तोंडी दिवसातून दहादा येतो. हा शब्द ज्यांनी शास्त्राला दिला, त्या पॉल एर्लिख यांना केवळ जन्मामुळे आयुष्याच्या साठाव्या वर्षापर्यंत पूर्ण प्राध्यापकपद मिळाले नव्हते, हे मात्र पाठ्यपुस्तकांत आढळत नाही. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी असल्यामुळे शास्त्राबरोबर ही दुसरी बाजूही सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी प्रशियाच्या सायलेशिया प्रांतातील स्ट्रेलेन या लहान गावी एका ज्यू कुटुंबात झाला. ते गाव आता पोलंडमध्ये आहे. वडील मद्य गाळण्याचा आणि खानावळीचा व्यवसाय करीत. आईच्या नात्यातील कार्ल वायगर्ट हे पुढे नामवंत विकृतिशास्त्रज्ञ झाले. सूक्ष्मदर्शक आणि रंग यांचा नाद पॉलला त्यांच्यामुळेच लागला. शाळेत हा मुलगा गणित आणि लॅटिन सोडले तर फारसा चमकला नाही, आणि परीक्षांचा त्याला मनस्वी कंटाळा होता. पुढे ब्रेस्लाउ, स्ट्रासबर्ग, फ्रायबर्ग आणि लाइपझिग येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. त्या काळातही पाठ्यक्रमापेक्षा रंगांनी माखलेल्या काचपट्ट्यांकडेच त्यांचे लक्ष अधिक असे.

त्या वेळी जर्मनीत दगडी कोळशाच्या डांबरापासून नवनवे कृत्रिम रंग तयार होत होते. (याच उद्योगाने १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बिहार-बंगालच्या निळीचा व्यापार बसवला. त्या निळीच्या शेतात राबणाऱ्यांची कहाणी स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) कापड रंगविण्यासाठी निघालेले हे रंग एर्लिख यांनी पेशींवर वापरून पाहिले. एकच रंग एका पेशीत मुरतो आणि शेजारच्या पेशीला शिवतही नाही, हे त्यांनी पाहिले आणि त्याचे कारण काय, या प्रश्नाचा आयुष्यभर पाठपुरावा केला. पदार्थ जेथे जोडला जातो तेथेच तो काम करतो आणि हे जोडले जाणे रासायनिक असते, हे सूत्र त्यांना रंगांनी शिकविले. १८७८ च्या त्यांच्या प्रबंधात मास्ट पेशींचे वर्णन आले. नंतर बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात त्यांनी रक्तातील पांढऱ्या पेशींचे प्रकार रंगांच्या आधारे वेगळे केले. आज रक्ततपासणीच्या कागदावर न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल ही नावे आपण वाचतो. कोणत्या पेशीला कोणता रंग धरतो, यावरून पडलेली ही नावे आहेत.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा एर्लिख सभेत बसले होते. लवकरच त्यांनी तो जंतू रंगविण्याची अधिक चांगली पद्धत शोधली. आपल्या सरकारी दवाखान्यांत बेडक्याची जी तपासणी दीर्घकाळ होत आली, तिचे मूळ या पद्धतीत आहे. काही वर्षांनी, १८८८ मध्ये, एर्लिख यांना स्वतःच्याच बेडक्यात क्षयाचे जंतू दिसले आणि हवापालटासाठी त्यांना इजिप्तला जावे लागले.

तत्पूर्वी १८८५ मध्ये त्यांचे वरिष्ठ फ्रेरिक्स वारले होते आणि नव्या वरिष्ठांना या तऱ्हेवाईक संशोधकाचे काम रुचत नव्हते. इजिप्तहून परतल्यावर त्यांच्याजवळ नोकरी नव्हती. त्यांनी एक छोटी खासगी प्रयोगशाळा थाटली आणि पुढे कॉख यांच्या संस्थेत आरंभी विनावेतन काम केले. हे त्यांना शक्य झाले, कारण पत्नी हेडविग यांच्या माहेरी कापडाचा मोठा कारखाना होता. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दारे बंद झालेल्या बुद्धिमान माणसाला असा आधार क्वचितच लाभतो. बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली नसती तर बाबासाहेब कोलंबियाला कसे पोहोचले असते, याचा विचार आपण केलाच पाहिजे.

दारे का बंद होती, तेही सांगितले पाहिजे. १८७१ च्या जर्मन साम्राज्यात ज्यूंना कायद्याने समान हक्क होते. विद्यापीठांत मात्र पूर्ण प्राध्यापकाची खुर्ची ज्यू माणसाला क्वचितच मिळे. बाप्तिस्मा घेतला तर मार्ग मोकळा होई, आणि अनेक विद्वानांनी तो घेतला. एर्लिख काही कर्मठ नव्हते. धर्मविधींपेक्षा त्यांना प्रयोगशाळा प्रिय होती. तरीही पदासाठी धर्म बदलणे त्यांनी नाकारले. १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस हृदयात जपणाऱ्या आपल्या समाजाने या नकाराचा अर्थ नीट समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते. बाबासाहेबांनी वीस वर्षांहून अधिक काळ अभ्यास करून, कोणत्याही पदाच्या मोहाविना धम्म स्वीकारला. एर्लिख यांनी पद समोर असताना धर्म सोडला नाही. कृती वरकरणी परस्परविरोधी आहेत, परंतु माणसाची श्रद्धा ही सौदा करण्याची वस्तू नाही, हे दोघांनीही आचरणाने दाखविले.

आता त्यांच्या कार्याच्या गाभ्याकडे वळू. १८९० मध्ये बेहरिंग आणि जपानचे किटासाटो यांनी दाखविले की, धनुर्वात वा घटसर्पाचे विष थोडे थोडे टोचलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात त्या विषाचा उतारा तयार होतो. एर्लिख यांनी यासाठी जंतूंचे विष न घेता वनस्पतींचे विष घेतले. एक एरंडाच्या बीचे आणि दुसरे गुंजेचे. आपले सोनार ज्या लाल-काळ्या गुंजेने सोने तोलत, तिच्यातील अब्रिन हे जहाल विष आहे. उंदरांना त्याची अगदी सूक्ष्म मात्रा देऊन ती हळूहळू वाढवीत नेली, तर एरवी मारक ठरणारी मात्राही ते पचवितात. शिवाय गुंजेचा उतारा एरंडाच्या विषावर चालत नाही आणि एरंडाचा गुंजेवर चालत नाही. प्रत्येक विषाला त्याचा स्वतंत्र जोडीदार असतो. १८९१ च्या त्यांच्या लेखनात या जोडीदारासाठी प्रतिपिंड या अर्थाचा जर्मन शब्द प्रथम आला.

त्यानंतरचा प्रयोग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रतिकारशक्ती मिळविलेल्या उंदराची पिल्ले प्रतिकारक्षम असतात का? बाप प्रतिकारक्षम आणि आई साधी असेल, तर पिल्लांत काहीच उतरत नाही, असे एर्लिख यांना आढळले. आई प्रतिकारक्षम असेल तर पिल्लांना काही काळ संरक्षण मिळते. मग त्यांनी नवजात पिल्लांची अदलाबदल केली. साध्या आईची पिल्ले प्रतिकारक्षम दाईच्या दुधावर वाढविली, तेव्हा तीही सुरक्षित झाली. म्हणजे हे संरक्षण बीजातून येत नव्हते, ते आईच्या रक्तातून आणि दुधातून येत होते. बाळाला अंगावरचे दूध पाजा, असे आरोग्यसेविका आपल्या वस्त्यांत सांगतात, त्यामागे १८९२ चा हा प्रयोगही उभा आहे. वंश आणि रक्ताच्या शुद्धतेच्या गप्पांनी युरोप भारला जात होता, त्याच काळात एका ज्यू संशोधकाने हे दाखवावे, याची इतिहासाने नोंद घेतली पाहिजे.

घटसर्पाचा रक्तद्रव घोड्यांपासून मोठ्या प्रमाणात बनू लागला, पण त्याची ताकद दरवेळी वेगळी निघे. एका बाटलीने मूल वाचे, तर दुसरीचा उपयोग होत नसे. एर्लिख यांनी मोजमापाची पद्धत बसविली आणि निर्वात नळीत सुकवून ठेवलेला एक प्रमाण रक्तद्रव कायमचा मापदंड म्हणून राखला. पहिले नोबेल पारितोषिक आणि पैसा बेहरिंग यांच्याकडे गेला, आणि दोघांच्या मैत्रीत कटुता आली. सर्पदंशावर आपल्याकडे दिले जाणारे इंजेक्शन घोड्यांना विषाची वाढती मात्रा देऊनच तयार होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम दीर्घकाळ केले आहे.

पेशीवर विशिष्ट आकाराच्या बाजूसाखळ्या असतात, विष त्यांना किल्लीसारखे चपखल बसते, मग पेशी त्या साखळ्या गरजेपेक्षा अधिक बनवून रक्तात सोडते आणि तेच प्रतिपिंड, अशी उपपत्ती त्यांनी मांडली. १९०० साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी ती चित्रांसह सांगितली. तिचे तपशील पुढे बदलले, मध्यवर्ती कल्पना मात्र टिकली. याच सुमारास त्यांनी बोकडांना दुसऱ्या बोकडांचे रक्त टोचून पाहिले. परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंड झाले, स्वतःच्या रक्ताविरुद्ध झाले नाहीत. शरीर स्वतःवर शस्त्र उगारणे टाळते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

येथे थोडे पुढच्या काळात डोकावणे भाग आहे. आज प्रयोगशाळेत प्रतिपिंड हे औषध तर आहेच, पण त्याहूनही ते शोधण्याचे साधन आहे. एर्लिख यांच्या रंगांपेक्षा कितीतरी अधिक निवडक असा तो रंगच म्हणावा. उदाहरणार्थ, जस्त. शरीरात जस्त अल्प असते, पण शेकडो प्रथिने त्याच्यावाचून अडतात. जस्ताचा अणू इतका लहान की त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड बनत नाही, म्हणून त्याची ने-आण करणाऱ्या प्रथिनांचा माग काढतात. माणसात अशा वाहक प्रथिनांची दोन घराणी आहेत, एकात दहा आणि दुसऱ्यात चौदा सदस्य. हव्या त्या प्रथिनाचा तुकडा सशाला किंवा बोकडाला टोचतात, त्याच्या रक्तातून प्रतिपिंड वेगळे करतात आणि त्यांना चकाकणारी किंवा रंग देणारी खूण जोडतात. प्रथिन पेशीत जेथे असेल तेथे खूण उमटते. एकाच घराण्यातील प्रथिने परस्परांसारखी दिसत असल्याने प्रतिपिंड चुकीच्या भावंडाला चिकटण्याचा धोका असतो. म्हणून ज्या पेशींतून ते प्रथिन मुद्दाम नाहीसे केले आहे, अशा पेशींवर तोच प्रतिपिंड लावून पाहतात. तेथेही खूण उमटली, तर तो प्रतिपिंड विश्वासाचा नाही. विकत आणलेल्या बाटलीवरील नावावर विसंबू नये, हा नियम आमच्या विज्ञान शाखेच्या मुलांनी ध्यानात ठेवावा.

या वाहकांपैकी आठव्या क्रमांकाचा एक वाहक स्वादुपिंडाच्या पेशींत इन्शुलिनच्या कणांत जस्त भरतो. तेथे इन्शुलिनचे सहा रेणू जस्ताच्या दोन अणूंभोवती एकत्र येऊन साठविले जातात. बाबासाहेबांची अखेरची वर्षे मधुमेहाशी झगडत, इन्शुलिनची इंजेक्शने घेत गेली, हे आपण जाणतोच. लहान मुलांना होणारा मधुमेह वेगळ्या प्रकारचा असतो. त्यात शरीर स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटते. २००७ मध्ये असे आढळले की, हा मधुमेह नव्याने झालेल्या सुमारे ६० ते ८० टक्के रुग्णांच्या रक्तात याच जस्तवाहकाविरुद्ध प्रतिपिंड असतात. म्हणजे शरीर स्वतःवर शस्त्र उगारू शकते. एर्लिख यांनी ही शक्यता शब्दांत मांडून ठेवली होती. तिच्या परिणामांची भीषणता त्यांनी ओळखली, पण ती प्रत्यक्षात येणे त्यांना संभवनीय वाटले नव्हते.

१८९९ पासून एर्लिख फ्रँकफर्टला होते. तेथे फ्रान्झिस्का श्पायर या बँकमालकाच्या विधवेने दिलेल्या देणगीतून १९०६ मध्ये त्यांच्यासाठी संशोधनगृह उभे राहिले. दिवसाला वीस-पंचवीस चिरूट, रंगीत कागदांवर लिहून सहकाऱ्यांना दिलेल्या सूचना आणि सुचले की हाताशी येईल त्या पृष्ठभागावर काढलेल्या आकृत्या, असा त्यांचा दिनक्रम असे. जपानहून आलेल्या साहाचिरो हाता यांनी १९०९ मध्ये ६०६ क्रमांकाचे संयुग उपदंशाच्या जंतूंवर गुणकारी असल्याचे दाखविले. बाजारात आणण्यापूर्वी त्याचे सुमारे ६५,००० नमुने वैद्यांना विनामूल्य दिले गेले. औषधाने लाखो रुग्णांना दिलासा दिला, पण चुकीच्या मात्रेने अपाय झाला की सारा दोष एर्लिख यांच्या माथी येई, आणि त्या टीकेत ज्यूद्वेषाचे विषही मिसळलेले असे.

१९०८ मध्ये मेचनिकॉफ यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्ण प्राध्यापकपद मात्र १९१४ मध्ये मिळाले, तेही ज्यू कुटुंबांच्या मोठ्या देणग्यांतून नव्याने उभारलेल्या फ्रँकफर्ट विद्यापीठात. त्याच वर्षी ऑक्टोबरात बेल्जियममधील जर्मन सैन्याच्या वर्तनाचे समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या पत्रकावर त्यांचीही सही होती. देशाने ज्याला दुय्यम मानले, त्याने देशभक्तीचा पुरावा देण्यासाठी अन्यायाची पाठराखण करावी, हे आम्हाला खटकते आणि चरित्रकाराने ते वगळू नये. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होमबुर्ग येथे वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. फ्रँकफर्टच्या ज्यू दफनभूमीत त्यांची कबर आहे.

नाझी सत्तेने १९३८ मध्ये फ्रँकफर्टमधील त्यांच्या नावाच्या रस्त्याची पाटी उतरविली. वृद्ध हेडविग यांना देश सोडावा लागला. त्या प्रथम स्वित्झर्लंडला आणि मग अमेरिकेला गेल्या, आणि १९४८ मध्ये तिकडेच वारल्या. युद्धानंतर रस्त्याला जुने नाव परत मिळाले. लसी आणि रक्तद्रवांची तपासणी करणारी जर्मनीची राष्ट्रीय संस्था आज एर्लिख यांच्या नावाने चालते, आणि युरो चलन येईपर्यंत त्या देशाच्या दोनशे मार्कांच्या नोटेवर त्यांचे चित्र होते.