काचेच्या पेटीतला समुद्र

(समुद्रातील जीव जिवंत ठेवून त्यांचा अभ्यास करणाऱ्या झान व्हिल्प्रो-पॉवर यांची ओळख या पाठात करून दिली आहे.)

आपल्या बीड जिल्ह्यापासून समुद्र खूप दूर आहे. तरीही काचेच्या पेटीत पोहणारे रंगीत मासे आपण एखाद्या दुकानात किंवा घरात पाहतो. अशी काचपेटी अभ्यासासाठी प्रथम वापरण्याचा मान झान यांना दिला जातो. गंमत अशी, की त्या मूळच्या कपडे शिवणाऱ्या होत्या!

झान यांचा जन्म १७९४ साली फ्रान्समधील झुइयाक या गावी झाला. तरुणपणीच त्या घर सोडून दूरच्या पॅरिस शहरात गेल्या आणि शिवणकाम करू लागल्या. १८१६ साली राजघराण्यातील एका वधूचा पोशाख त्यांनी शिवला. त्यामुळे त्यांचे नाव झाले. पुढे जेम्स पॉवर या व्यापाऱ्याशी त्यांचे लग्न झाले. मग त्या सिसिली बेटावरील मेसिना बंदरात राहू लागल्या.

तेथे त्या पुस्तके वाचत, किनाऱ्यावर हिंडत आणि समुद्रातील जीव पाहत. अर्गोनॉट नावाच्या आठ भुजांच्या जीवाची मादी पातळ, पांढऱ्या कवचात राहते. हे कवच ती स्वतः बनवते, की दुसऱ्याचे बळकावते? यावर विद्वानांत वाद होता. मेलेला जीव पाहून याचे उत्तर मिळणार नव्हते.

१८३२ साली झान यांनी काचपेट्या करवून घेतल्या आणि त्यांत जिवंत अर्गोनॉट ठेवले. कवचाचा तुकडा मोडला, तर मादी आपल्या भुजांनी तो भाग पुन्हा भरून काढते, हे त्यांनी पाहिले. कवच तिचे स्वतःचेच होते!

झान यांनी समुद्रात बुडवून ठेवण्याचे पिंजरेही केले. पिंजऱ्यात समुद्राचे पाणी सतत खेळते. काचपेटीत मात्र ते कोंडते आणि उरलेले अन्न व विष्ठा यांमुळे दूषित होते.

१८३८ साली झान यांचा संग्रह घेऊन निघालेले जहाज बुडाले. अनेक वर्षांचे श्रम समुद्रात गेले. तरी त्या खचल्या नाहीत. १८४२ साली त्यांनी सिसिलीची माहिती देणारे पुस्तक प्रसिद्ध केले. १८७१ साली त्यांचे निधन झाले.

पेटीतले पाणी खेळते ठेवण्यासाठी आज कॅनिस्टर फिल्टर वापरतात. हा बंद डबा पेटीच्या खाली ठेवतात. नळीतून पाणी आपल्या वजनाने डब्यात उतरते. स्पंजात गाळ अडकतो. सच्छिद्र कड्यांवर वाढलेले जिवाणू विषारी अमोनियाचे रूपांतर कमी घातक पदार्थात करतात. मग पंप ते पाणी पुन्हा वर चढवतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने हे जिवाणू मरतात. म्हणून स्पंज पेटीतूनच काढलेल्या पाण्यात धुवावा. जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात. म्हणून नव्या पेटीत सगळे मासे एकदम सोडू नयेत.

मासा आपली तक्रार सांगू शकत नाही. त्याला पेटीत ठेवणाऱ्यानेच त्याच्या पाण्याची काळजी घ्यायला हवी.

शब्दार्थ : बळकावणे – जबरदस्तीने घेणे. सच्छिद्र – बारीक छिद्रे असलेले. घातक – नुकसान करणारे.

स्वाध्याय
१. अर्गोनॉटबद्दल विद्वानांत कोणता वाद होता?
२. झान यांनी तो कसा सोडवला?
३. स्पंज नळाच्या पाण्याने का धुऊ नये?