पंडिता रमाबाईंना उमगलेली कृपा

आपल्या स्मरणिकेत कुणा तरी थोर स्त्रीचे चरित्र असावे असा मंडळाचा रिवाज आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. मी सातवी शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. विद्वत्तेचा लेख माझ्याने होणार नाही. पण पंडिता रमाबाईंविषयी गेली काही वर्षे मिळेल ते मी वाचत आले आहे, आणि त्यांच्या आयुष्यातल्या एका गोष्टीने माझ्या मनात घर केले आहे.

त्यांची विद्वत्ता, शारदासदन, केडगावचे मुक्तिसदन ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. त्या ख्रिस्ती झाल्या, एवढेही ठाऊक असते. चरित्रे ती गोष्ट एका ओळीत सांगतात आणि पुढे जातात. मला त्या ओळीपाशीच थांबावेसे वाटते. कारण बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे झाल्यावर रमाबाईंना स्वतःलाच उमगले, की आपल्याला धर्म मिळाला खरा, पण ज्याच्यासाठी तो घेतला तो ख्रिस्त अजून मिळालेला नाही. मी स्वतः ख्रिस्ती नाही. तुळशीला पाणी घालते, एकादशी-संकष्टी करते. तरी ही आठ वर्षांची गोष्ट मला फार जवळची वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बाईने संस्कृत शिकावे हा त्यांचा ध्यास. आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनी शिकवले, त्यापायी पंडितांच्या सभेत जाबही दिला, आणि लोकांच्या बोलण्याला कंटाळून रानात घर बांधून राहिले. आल्यागेल्याला जेवू घालता घालता कर्ज झाले, आणि रमा सहा महिन्यांची असताना हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते कायमचेच. त्या तान्ह्या पोरीला वेताच्या पेटाऱ्यात घालून माणसाच्या डोक्यावरून डोंगराखाली उतरवले होते म्हणतात. पुढे आईनेच तिला संस्कृत शिकवले. भागवताचे अठरा हजार श्लोक मुलीला मुखोद्गत झाले.

देवळात पुराण सांगायचे, दक्षिणा येईल ती दानधर्मात घालवायची, तीर्थात स्नाने करायची, उपासतापास करायचे, असा या माणसांचा क्रम होता. त्यांची श्रद्धा लटकी नव्हती. शास्त्रात सांगितले तेवढे सगळे केले की देव प्रसन्न होणार, हा त्यांचा पक्का विश्वास होता. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. होते नव्हते ते देवकार्यात आणि पोटात गेले, आणि मजुरी करायची शास्त्र्याच्या घराला सवय नाही. तिरुपतीच्या बाजूच्या रानात अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. १८७४ साली वडील गेले. दृष्टी गेलेल्या त्या म्हाताऱ्याने जाताना धाकट्या लेकीला जवळ घेऊन, मी तुला देवाच्या हाती दिले आहे, तू त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचे सांगितले. मागोमाग रायचूरला आई गेली. स्मशान तीन मैलांवर, आणि तिरडीला चौथा माणूस मिळेना. तेव्हा चौथी म्हणून रमाने खांदा दिला. पण उंची कमी म्हणून तिला तिरडी डोक्यावर घ्यावी लागली. सोळा वर्षांची पोर! मग थोरली बहीणही पटकीने गेली.

उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघे पायी पायी काश्मीरपर्यंत गेले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीला पांघरूण नाही, म्हणून दोघांनी वाळूत खड्डे करून गळ्यापर्यंत वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. एवढे करूनही व्रते, स्नाने, नेम चालूच होते. पण मनात एक प्रश्न शिरला होता. आपण सांगितलेले सारे केले, मग देव बोलत का नाही?

१८७८ साली भावंडे कलकत्त्याला पोहोचली. तिथे पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. सगळ्या शहरात नाव झाले. याच शहरात त्यांनी ख्रिस्ती लोकांची प्रार्थना पहिल्यांदा पाहिली. ती मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसली, तेव्हा हे लोक खुर्च्यांची पूजा करतात अशीच या भावंडांची समजूत झाली! लोकांनी विनंती केली म्हणून बायकांपुढे व्याख्याने देण्यासाठी रमाबाई धर्मशास्त्रे वाचू लागल्या. ग्रंथांचे आपसात पटत नाही, पण बाईच्या जातीवर विश्वास ठेवू नये आणि तिला सरळ मोक्ष नाही, यावर मात्र बहुतेकांचे एकमत, असे त्यांना आढळले. जिच्या आईबापांनी मोक्षासाठी अन्नान्न दशा सोसली, त्या मुलीला हे वाचून काय वाटले असेल!

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा. आसामात सिल्चरला घर केले, मनोरमा जन्मली. तिथेच लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत हाती लागली आणि ती त्यांना आवडली. यजमानांना मात्र ते रुचले नव्हते. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. विधवा आणि कडेवर लेक, अशा रमाबाई पुणे शहरात आल्या. तिथे त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि १८८३ साली वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या. कानाला कमी ऐकू येई म्हणून ती वैद्यकी राहूनच गेली.

वाँटिज गावच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या उतरल्या. या भगिनींचे लंडनला एक घर होते, तिथे वाट चुकलेल्या बायकांना ठेवून सांभाळत. रमाबाईंना ते दाखवायला नेले. ज्यांना आपल्याकडे गावाबाहेर काढतात, त्या बायकांशी घरंदाज बाया मायेने बोलतात, त्यांची सेवा करतात, हे पाहून त्या थक्क झाल्या. असे का करता म्हणून विचारले, तेव्हा एका भगिनीने विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट त्यांना वाचून दाखवली. पाच नवरे झालेल्या, परजातीच्या त्या बाईपाशी ख्रिस्त पाणी मागतो आणि देवाच्या भक्तीचे सर्वांत गहन बोलणे तिच्याशीच करतो. बाईला उद्धार आहे, तोही पडलेल्या बाईला, हे रमाबाईंना त्या दिवशी दिसले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला.

इकडे गहजब झाला. कुणी म्हणाले फसवले, कुणी म्हणाले पैशासाठी बाटली. मला वाटते, रमाबाईंना फसवणे इतके सोपे नव्हते. तिथल्या धर्मगुरूंनासुद्धा त्या सहज वश झाल्या नाहीत. जे बुद्धीला पटत नाही ते केवळ चर्च सांगते म्हणून मानायला त्यांनी नकार दिला. सिस्टर जेराल्डाईन या त्यांच्या धर्ममातेशी त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून त्यांचे पत्रांतून किती वाद झाले! मांस तोंडाला लावले नाही आणि पांढरे लुगडे सोडले नाही. पण नेमके इथेच पाणी मुरत होते. धर्म त्यांनी तपासून, तोलून, पटवून घेतला होता. ओझे मात्र उतरले नव्हते. आपण पापी आहोत ही टोचणी आत तशीच होती. आधी स्नाने आणि व्रते होती. आता बाप्तिस्मा आणि प्रार्थना आल्या. आपण काही केले की देव पावेल, हा हिशेब मात्र जुनाच राहिला.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर इंग्रजी पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली, बोस्टनला त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झाले आणि दहा वर्षे मदत देण्याचे ठरले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, त्याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. सदन नंतर पुणे शहरात हलवले.

म्हणजे बाहेरून पाहिले तर सारे यश होते. आणि याच सुमारास, १८९१ च्या आसपास, त्यांना आपल्या आतली उणीव कळली. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ कितीतरी दिवस पाद्री होता, उपदेश करी, आणि एके दिवशी आपल्याच व्यासपीठावर उभा असताना त्याला कळले, की मी ज्याच्याविषयी सांगतो तो मला ठाऊकच नाही. रमाबाईंना त्यात आपलेच रूप दिसले. मग त्यांनी बायबल पुन्हा उघडले. या खेपेस वाद करायला नव्हे. त्यांना उमगले ते असे, की क्षमा ही देवाची देणगी आहे. ती विद्येने मिळत नाही, तपाने मिळत नाही, बाप्तिस्म्याच्या विधीनेही मिळत नाही. रिकाम्या हाताने यायचे आणि घ्यायचे. ख्रिस्ती लोक याला कृपा म्हणतात. ओझे उतरले आणि फार आनंद झाला, असे त्यांनी आपल्या आध्यात्मिक आत्मकथनात लिहून ठेवले आहे.

मी हे माझ्या रीतीने समजून घेते. माहेरी आलेल्या लेकीची ओटी भरतात, ती तिने वर्षभर कष्ट केले म्हणून नव्हे. ती लेक आहे म्हणून. आपण बायका मात्र सोळा सोमवार मोजतो, लाख वाती मोजतो, एखादा चुकला तर पहिल्यापासून धरतो. मोजण्यात काही वाईट आहे असे मी म्हणत नाही, माझेही नेम चालू आहेत. पण रमाबाईंच्या आईबापांनी मोजण्यात जन्म घातला आणि त्यांच्या लेकीला न मोजता मिळाले, हे वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आले.

या नव्या आनंदाची किंमत त्यांना लगेच द्यावी लागली. शारदासदनात कुणाच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, पण दार बंद करीत नसत. मुली आपणहून येऊन बसू लागल्या. १८९३ साली मोठे वादळ झाले. केसरीने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. पालकांची भीती खोटी होती असे मला म्हणवत नाही. आपली लेक दुसऱ्या धर्मात गेली तर कुठल्या आईला चैन पडेल? पण मायलेकीची रोजची प्रार्थना दार लावून करायची हे रमाबाईंना जमण्यासारखे नव्हते, हेही तितकेच खरे.

पुढचे सारे काम या मागण्याच्या आणि घेण्याच्या श्रद्धेवर उभे राहिले. लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्याला त्या पंधरा मुली घेऊन गेल्या असता, पंधराच्या पंधरापट म्हणजे सव्वादोनशे मुली दे, अशी त्यांनी देवाला प्रार्थना केली. जागा नाही, पैसा नाही, आणि मागणे केवढे! १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंनी लहानपणी भूक भोगलेली. त्या उठल्या आणि मध्य प्रांतात जाऊन तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. प्लेगच्या दिवसांत त्यांना पुणे शहरात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या घातल्या. सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून शंभर एकर जमीन घेऊन तिथे फळझाडे लावलेली होती. तेच मुक्तिसदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या घरात माणसे होती. विहिरी खणल्या, माग, छापखाना, तेलाचा घाणा, अंध मुलींची शाळा, सारे बायकांच्या हातांनी चाले.

तिथेच त्यांनी वाट चुकलेल्या बायकांसाठी एक निराळे घर बांधले. लंडनला पाहिलेले ते घर त्या विसरल्या नव्हत्या. त्याचे नाव ठेवले कृपासदन. दाराशी आलेल्या बाईला, तू काय केलेस, असे न विचारता आत घ्यायचे, असा त्या घराचा अर्थ. एकदा कृपा फुकट मिळाली म्हटल्यावर दुसरीकडून तिचे मोल मागायचे कसे?

उतारवयात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. आधीची भाषांतरे संस्कृतने जड झाली आहेत, आणि स्वयंपाकघरातल्या, शेतातल्या बाईला ती कळत नाहीत, असे त्यांना वाटे. ज्यांना अठरा हजार श्लोक पाठ, त्यांनी सोप्या शब्दांसाठी आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षे खर्चावीत! सदनातल्याच मुली खिळे जुळवीत आणि छापीत. १९२१ साली मनोरमा गेली. ज्या लेकीच्या हाती सारे सोपवायचे तीच आधी गेली. रमाबाई पुन्हा मुद्रिते तपासायला बसल्या. काम पुरे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे झोपेतच त्यांनी देह ठेवला. तो संपूर्ण ग्रंथ त्यांच्यामागे, १९२४ साली, केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला.