विश्लेषण : ‘एमजी’ घडवणारे सेसिल किंबर कोण होते? जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्यायची तर आजही आधी एमजीच का पाहतात?

हेक्टरच्या नाकावर दिसणारा ‘एमजी’चा अष्टकोन मूळचा ऑक्सफर्डमधल्या एका गॅरेजचा. त्या गॅरेजच्या व्यवस्थापकाने साध्या घरगुती गाडीचे भाग वापरून देखणी, चपळ आणि परवडणारी स्पोर्ट्स कार बनवली. पहिलीच जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेणाऱ्याला आजही एमजी सुचवली जाते, ती याच कारणाने. कंपनीची मालकी मात्र या व्यवस्थापकाकडे कधीच आली नाही.

सेसिल किंबर कोण होते?

किंबर यांचा जन्म १८८८चा, लंडनचा. घरचा धंदा छपाईच्या शाईचा. कुटुंब मँचेस्टरकडे गेले आणि सेसिल वडिलांच्या हाताखाली काम करू लागले. वेड मात्र मोटारसायकलचे. १९१० मध्ये अपघातात त्यांचा उजवा पाय चिरडला. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, पाय वाचला, पण कायमचा आखूड राहिला. अपघाताची भरपाई मिळाली तेव्हा ती रक्कम धंद्यात घालावी, असे वडिलांचे म्हणणे होते. मुलाने नकार दिला आणि बापलेकांत जो अबोला आला तो पुढे सुटलाच नाही. किंबर यांनी सिंगर कंपनीची छोटी मोटार घेतली.

पुढची काही वर्षे शेफील्ड-सिम्प्लेक्स, एसी, मार्टिनसाइड, मग बर्मिंगहॅममधली सुटे भाग बनवणारी रिग्ली कंपनी, अशी नोकऱ्यांत गेली. १९२१ मध्ये ते ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’मध्ये विक्री व्यवस्थापक म्हणून लागले आणि वर्षभरात तिथले मुख्य व्यवस्थापक झाले.

गॅरेजची मोटार कंपनी कशी झाली?

मॉरिस गॅरेजेस हे विल्यम मॉरिस यांचे गाड्या विकण्याचे आणि दुरुस्तीचे दुकान. मॉरिस गाड्यांचा कारखाना वेगळा, काउलीला. किंबर यांनी तिथली तयार चॅसी घ्यायची, सस्पेन्शन आणि स्टिअरिंगमध्ये फेरफार करायचे आणि वर हलकी, ठसठशीत बॉडी चढवायची, असा उद्योग सुरू केला. १९२३ पासून जाहिरातींत अष्टकोन दिसू लागला. १९२५ मध्ये त्यांनी स्वतःसाठी एक खास गाडी बनवून घेतली आणि लँड्स एन्डच्या चाचणी शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाणारी हीच गाडी पहिली एमजी, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. प्रत्यक्षात एमजी नावाच्या गाड्या त्याआधीपासून विकल्या जात होत्या.

खरी उडी १९२८ची. लंडनच्या मोटार प्रदर्शनात ‘एम-टाइप मिजेट’ मांडली गेली. मॉरिस मायनर या छोट्या घरगुती गाडीची चॅसी, तिचेच ८४७ सीसीचे इंजिन, वर लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या कापडाची होडीसारख्या शेपटीची बॉडी. किंमत १७५ पौंड. तोवर स्पोर्ट्स कार म्हणजे श्रीमंतांची हौस होती. मिजेटमुळे ती पगारदार तरुणाच्या आवाक्यात आली. आज कंपन्या एकाच प्लॅटफॉर्मवर चार मॉडेल काढतात आणि आपण त्याला कधी कधी नाक मुरडतो. किंबर तेच करत होते, फक्त त्यांच्या गाडीत ते डोळ्यांना खुपत नव्हते.

मागणी इतकी वाढली की १९२९ मध्ये कारखाना ॲबिंग्डन गावातल्या चामड्याच्या जुन्या कारखान्यात हलवावा लागला. १९३१ मध्ये जॉर्ज आयस्टन यांनी ७५० सीसी वर्गात प्रथमच ताशी १०० मैलांचा वेग ओलांडला, तो एमजीतच. १९३३ मध्ये ‘के३ मॅग्नेट’ने इटलीच्या मिले मिलिया शर्यतीत ११०० सीसीचा गट जिंकला आणि त्याच वर्षी नुवोलारी यांनी के३ चालवत उत्तर आयर्लंडमधली टूरिस्ट ट्रॉफी नेली.

मग कंपनी त्यांच्या हातून का गेली?

मालकी मॉरिस यांची होती म्हणून. १९३५ मध्ये मॉरिस यांनी एमजी आपल्याच मोठ्या ‘मॉरिस मोटर्स’ला विकली. तिथले कारभारी लिओनार्ड लॉर्ड यांनी शर्यत विभाग बंद केला आणि आराखड्यांचे काम काउलीला नेले. किंबर पदावर राहिले, अधिकार गेले.

दुसऱ्या महायुद्धात मोटारींचे उत्पादन थांबले. माणसे आणि यंत्रे रिकामी राहू नयेत म्हणून किंबर यांनी अल्बेमार्ल या बॉम्बर विमानाच्या पुढच्या भागाचे काम मिळवले, पण वरिष्ठांना न विचारता. नोव्हेंबर १९४१ मध्ये समूहाचे उपाध्यक्ष माइल्स थॉमस यांनी त्यांना राजीनामा द्यायला लावला. वीस वर्षे उभारलेल्या कारखान्याच्या दारातून ते असे बाहेर पडले. शिस्तभंग झाला होता हे खरे, पण कारण तोकडे वाटते.

त्यानंतर त्यांनी आधी एका बॉडी बनवणाऱ्या आणि नंतर पिस्टन बनवणाऱ्या कंपनीत काम केले. ४ फेब्रुवारी १९४५ रोजी संध्याकाळी ते किंग्ज क्रॉस स्थानकातून कामासाठीच निघाले होते. स्थानकाबाहेरच्या बोगद्यातल्या चढावर इंजिनाची चाके घसरू लागली आणि गाडी मागे येऊ लागली. तिला रिकाम्या फलाटावर वळवण्यासाठी सांधे बदलले गेले, तोवर शेवटचा डबा त्यावर आला होता. डबा रुळांवरून उतरून सिग्नलच्या खांबांवर आदळला. दोन प्रवासी गेले; त्यातले एक किंबर. काही महिन्यांतच ॲबिंग्डनमधून ‘टीसी’ बाहेर पडली आणि अमेरिकेला या छोट्या गाड्यांचे वेड लागले.

आज घ्यायची तर कोणती?

टीसी दिसायला जिंकते, पण तिच्या बॉडीत लाकडी सांगाडा आहे आणि कुजलेले लाकूड बाहेरून दिसत नाही. नवख्याने १९६२ ते १९८० दरम्यानची ‘एमजीबी’ पाहावी. किंबर यांनी ती पाहिली नाही, तरी रीत त्यांचीच : घरगुती गाड्यांच्या इंजिन-घराण्यातले १७९८ सीसीचे इंजिन. बंद छताच्या ‘जीटी’सह पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या, त्यामुळे ब्रिटनमध्ये जवळपास प्रत्येक सुटा भाग नवा मिळतो. मूळ साच्यांवरून १९८८ पासून अख्खी बॉडीही पुन्हा बनू लागली.

पाहायला जाताना इंजिनाच्या आवाजाने भुलू नका. इंजिन दुरुस्त होते, गंज खिसा रिकामा करतो. एमजीबीला वेगळी चॅसी नाही. दाराखालचा आडवा पेटीसारखा भाग, म्हणजे सिल, गाडीचा भार पेलतो. लोहचुंबक लावून पाहा : चिकटला नाही तर रंगाखाली पुट्टी आहे. गाडी जॅकवर उचलल्यावर दार घासू लागले तर तिथूनच परत फिरा. १९७४च्या अखेरीपासून अमेरिकी नियमांमुळे काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंचीही वाढवली गेली. क्रोम बंपरच्या गाड्यांना म्हणूनच जास्त भाव मिळतो. बजेट कमी असेल तर रबरी बंपरची, पण गंज नसलेली गाडी केव्हाही चांगली.

घरी आणल्यावर आधी काय?

चावी फिरवण्याआधी ब्रेक. बरीच वर्षे उभ्या गाडीचे ब्रेक ऑइल, ब्रेकचे रबरी पाइप आणि टायर बदलूनच घ्यावेत. पेट्रोलचे जुने पाइपही बदला, कारण इथेनॉल त्यांना खाते. ब्रिटनमधले जुन्या गाड्यांचे मालक इ१० ऐवजी इ५ भरतात ते यासाठीच. १९६७ पर्यंतच्या एमजीबीमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. आपल्या सवयीने उलट जोडणी केली तर नुकसान ठरलेले. दोन्ही एसयू कार्बोरेटरच्या वरच्या नळीत थोडे इंजिन ऑइल लागते. ते आटले तर ॲक्सिलरेटर दाबताच गाडी गचके खाते. मग चोक ओढायचा आणि स्टार्टर मारायचा.

ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या, मोठे फेरबदल न केलेल्या गाडीला रस्ताकर आणि वार्षिक तपासणी माफ आहे. तरी पहिल्या वर्षी तपासणी करून घेतलेलीच बरी.

भारताशी नाते?

सुरुवातीच्या ‘एमजीए’मधले १४८९ सीसीचे इंजिन आणि आपल्या ॲम्बेसेडरमधले त्याच मापाचे इंजिन एकाच ‘बी-सीरिज’ घराण्यातले. ॲम्बेसेडर मुळात मॉरिस ऑक्सफर्डच होती. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. एमजीचे नाव आता चीनच्या एसएआयसी समूहाकडे असून, भारतात जेएसडब्ल्यू समूहाच्या भागीदारीत हालोल इथे गाड्या बनतात. भारतात ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीची ‘व्हिंटेज’ नोंदणी २०२१च्या नियमांनुसार होते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि अशी गाडी रोज कामाला नेता येत नाही.